पीठ फुगेपर्यंत एक प्रकरण : घरचं बेकिंग आणि मुलांचं वाचन एकत्र कसं बसवायचं?

रविवारची_भट्टी

ज्या घरात आठवड्यातून एकदा ओव्हन तापतोच, तिथे सुट्टीचा अर्धा दिवस ब्रेड-केक-बिस्किटांत जातो आणि मुलांना वाचून दाखवायचं राहून जातं. 'वेळ मिळत नाही' ही तक्रार मात्र मला पटत नाही. बेकिंगमध्ये हाताला काम थोडं असतं, थांबणंच जास्त. साध्या ब्रेडचा हिशोब बघा. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. मळायला १० ते १२ मिनिटं, आकार द्यायला १०. बाकी पहिलं फुगणं ६० ते ९० मिनिटं, दुसरं ४० मिनिटं, २२० अंशांवर भाजणं ३० ते ३५ मिनिटं आणि जाळीवर गार होणं तासभर. म्हणजे काम पाऊण तासाच्या आत आणि थांबणं तीन तासांच्या वर.

या तीन तासांत पुस्तक कुठे बसतं, कुठे बसत नाही आणि कोणत्या वयाला काय झेपतं, यावर अनुभवी मंडळींनी नेमकं लिहावं म्हणून हा धागा. 'मुलांना पुस्तकांची गोडी लावा' छापाचे उपदेश नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

शाईची_दौत

पुस्तक पानांवर न मोजता मिनिटांवर मोजा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मुलांना समजेल अशा बेताने मराठी मोठ्याने वाचलं तर मिनिटाला साधारण ९० ते ११० शब्द होतात. स्वतःचा वेग काढायचा असेल तर एका पानाचे शब्द मोजा, टायमर लावून वाचा आणि भागाकार करा. बाजारातली बरीच चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. छापखान्यात मोठा कागद दुमडून १६ पानांचा फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे ३२. त्यात शब्द असतात ५०० ते ८००. नुसतं वाचलं तर ५ ते ८ मिनिटं, चित्रांपाशी थांबत वाचलं तर १२ ते १५.

ओव्हन तापायला १५ ते २० मिनिटं लागतात, म्हणजे बरोबर एक चित्रपुस्तक. २,००० ते २,५०० शब्दांचं प्रकरण २० ते २५ मिनिटं घेतं, ते दुसऱ्या फुगण्यात आरामात मावतं. पहिल्या फुगण्यात दोन प्रकरणं कोंबू नका. एक प्रकरण, मग ओटा आवरणं, मग उरलेला वेळ मुलाचा स्वतःचा. चार-पाच वर्षांचं मूल एका बैठकीत १०-१५ मिनिटंच नीट ऐकतं. पुढे रेटलं की चुळबुळ सुरू होते आणि ती पुस्तकाच्या नावावर जमा होते.

पुस्तक आदल्या दिवशीच काढून ठेवा. पिठाच्या हाताने कपाट धुंडाळण्यात दहा मिनिटं कुठे जातात ते कळतही नाही.

खमीर

भट्टी, तुमचे '६० ते ९० मिनिटं' बरोबर आहेत, पण पिठाचं तापमान २५-२६ अंश असेल तरच. उन्हाळ्यात ३२ अंशांच्या स्वयंपाकघरात तेच पीठ ४५ मिनिटांत दुप्पट होतं आणि प्रकरण अर्ध्यात सोडून धावावं लागतं. थंडीत उलटं, गोष्ट संपते आणि पीठ जागचं हललेलं नसतं. वेळ हातात ठेवायची असेल तर पाण्याचं तापमान ठरवा :

पाणी = (२६ × ३) − खोलीचं तापमान − मैद्याचं तापमान − २

शेवटचे २ हे हाताने मळताना वाढणाऱ्या उष्णतेचे. यंत्राने मळत असाल तर १० च्या आसपास धरा. खोली आणि मैदा दोन्ही ३० अंशांवर असतील तर ७८ − ६० − २ = १६, म्हणजे फ्रीजमधलं पाणी मिसळून घ्यायचं. दोन्ही २० वर असतील तर ३६, म्हणजे कोमट. एवढं केलं की पहिलं फुगणं दर वेळी सव्वा तासाच्या आसपास येतं.

खोली फारच गरम असेल तर यीस्ट ५ ऐवजी ३ ग्रॅम घ्या. वेळ वाढतो आणि चवही सुधारते.

घड्याळ हे फक्त आठवणीसाठी. पीठ तयार झालं की नाही हे बोटाने बघायचं. मैदा लावलेलं बोट अर्धा इंच दाबा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू निम्मा भरला तर तयार, तसाच राहिला तर जास्त फुगलंय. ही चाचणी मुलाला करायला द्या. प्रकरणाच्या मध्ये एकदा उठून बोट दाबायचं आणि परत येऊन बसायचं, यात त्याची चुळबुळही मुरते.

पहिल्या वेळी जास्त फुगलं तर घाबरू नका. हवा काढा, गोळा करा, पुन्हा फुगू द्या. दुसऱ्या वेळी, म्हणजे साच्यात जास्त फुगलं तर तसंच ओव्हनमध्ये घालू नका, मधे बसतं. काढून पुन्हा वळा आणि या वेळी २०-२५ मिनिटांतच भाजायला लावा.

अर्धा_चमचा

ब्रेडला जे चालतं ते केकला चालत नाही. बेकिंग सोडा दही, लिंबू किंवा ताक अशा आंबट पदार्थाला भेटला की वायू लगेच सुटायला लागतो. बेकिंग पावडरचा काही भाग ओलावा लागताच काम सुरू करतो, उरलेला ओव्हनच्या उष्णतेत. म्हणून मिश्रण साच्यात ओतलं की ते सरळ ओव्हनमध्ये. 'एवढं पान संपवू, मग घालू' केलंत की केक ठोकळा होणार.

केकमध्ये पुस्तकाच्या जागा तीनच आहेत. लोणी मऊ होईपर्यंत, भाजत असताना आणि गार होताना.

चौघांच्या सारख्या वजनाचा जुना केक घ्या : लोणी, साखर, अंडी (कवचाशिवाय), मैदा, प्रत्येकी २२५ ग्रॅम. कवचाशिवाय मध्यम अंडं ५० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे साडेचार अंडी. पाचवं वेगळं फेटून निम्मं वापरा. फ्रीजमधलं लोणी १८ ते २० अंशांवर यायला तुकडे करून ठेवलं तर अर्धा-पाऊण तास जातो. ही वाचनाची पहिली जागा. त्यानंतर पुस्तक मिटायचं. लोणी-साखर ५ ते ७ मिनिटं फेटायची, अंडी एकेक करून, मैदा शेवटी हलक्या हाताने. अंडी गार असतील तर मिश्रण फाटतं, तेव्हा त्यातलाच एक चमचा मैदा घालून सावरा. मैदा पडल्यावर फेटत बसलात तर केकमध्ये बोगदे पडतात आणि पोत चिवट होतो. ९ × ५ इंचांच्या लांब साच्यात १६५ अंशांवर ६० ते ७० मिनिटं. हा सलग तास म्हणजे वाचनाची सोन्यासारखी जागा, अट एवढीच की पहिली ४५ मिनिटं दार उघडायचं नाही. नीट सेट न झालेला केक दार उघडल्यावर बसू शकतो. ५५व्या मिनिटाला सुई खुपसून बघा.

आणि टायमर मोठ्या आवाजाचा हवा. गोष्ट चांगली असेल तर वाचणाऱ्यालाच भान राहत नाही.

पानकोंबडी

बिस्किटांचं काय? लहान मुलांसोबत तीच जास्त होतात.

अर्धा_चमचा

पानकोंबडी, बिस्किटं उलट सगळ्यात सोयीची, कारण त्यांना गार ठेवावंच लागतं. १ : २ : ३ लक्षात ठेवा. साखर १००, लोणी २००, मैदा ३०० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. गोळा करून दोन बटर पेपरांच्या मध्ये ७-८ मिमी जाड लाटा आणि लाटून झाल्यावर फ्रीजमध्ये अर्धा तास. पुष्कळ जण आधी गोळा गार करतात आणि मग दगडासारखा झालेला गोळा लाटताना दमतात. अर्ध्या तासात दोन चित्रपुस्तकं किंवा एक प्रकरण. मग कापा, १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं. कडा फिकट सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना मऊच लागतात, ट्रेवर ५ मिनिटं राहू द्या. 'कच्ची राहिली' म्हणून परत आत घातली की करपतात.

पसरली तर तीन कारणं बघा : लोणी वितळलेलं होतं, गार ठेवण्याची वेळ टाळली किंवा पहिल्या घाण्याच्या गरम ट्रेवर दुसरा घाणा मांडला.

कानोसा

वेळ सापडला, आता वाचायचं कसं त्याबद्दल. नुसतं 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत वाचून काढण्यापेक्षा मधे बोलणं जास्त कामाचं. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेली संवादी वाचनाची पद्धत चार पायऱ्यांची आहे : विचारा, उत्तर ऐकून दाद द्या, त्यात एक-दोन शब्दांची भर घाला, मुलाकडून वाढवलेलं वाक्य म्हणवून घ्या. चित्रात मांजर आहे. 'हे काय करतंय?' 'झोपलंय.' 'हो, चुलीच्या उबेला झोपलंय. कुठे झोपलंय म्हणालास?' एवढंच. पण दर पानाला केलंत तर गोष्टीची वाट लागते. एका पुस्तकात चार-पाच ठिकाणं पुरेत.

जे मूल अडखळत स्वतः वाचतंय त्याच्यासाठी जोडीने वाचन. दोघांनी एकदम मोठ्याने वाचायचं. मुलाने ठरलेली खूण केली (टेबलावर टकटक वगैरे) की आपण गप्प व्हायचं. ते अडलं की मनात पाचपर्यंत मोजायचं, नाहीच आलं तर शब्द सांगायचा, त्याने तो म्हणायचा आणि दोघांनी पुन्हा एकत्र पुढे. 'नीट बघ, अक्षर फोड' हे त्या वेळी नको.

तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर मोठ्यांना कंटाळा येतो, पण लहानांच्या बाबतीत ती मागणी योग्य असते. हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली तेव्हा त्यातले नवे शब्द त्यांच्या लक्षात जास्त राहिले. तितक्याच वेळा तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेल्या मुलांच्या तेवढे राहिले नाहीत. केकची कृती आपण दर वेळी बदलतो का?

आणि मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. ऐकून समजण्याची झेप वाचून समजण्यापेक्षा बरीच वर्षं पुढे असते. सात वर्षांचं मूल स्वतः वाचू शकणार नाही असं पुस्तक मजेत ऐकतं.

पोळपाट

थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं जमवताना 'आधी दोन पानं वाच, मग बिस्किट' हा सौदा नकळत सुरू होतो. तो कराल तर धागा इथेच बंद केलेला बरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं पेनांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. ज्यांना बक्षीस मिळालंच नाही किंवा अचानक मिळालं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. वाचनाला बिस्किटाची किंमत लावली की वाचन हे बिस्किटाच्या अलीकडचं कष्टाचं काम होऊन बसतं.

रविवारची_भट्टी

पोळपाट दादा, मुद्दा मान्य. पण वाचता वाचता बिस्किट खाणं आणि वाचल्याबद्दल बिस्किट मिळणं यांत फरक करायला हवा ना?

पोळपाट

हवाच. बिस्किट सगळ्यांना मिळणार, कोणी वाचलं काय नि नाही वाचलं काय, हे आधीच ठरलेलं असू दे. ज्याला ऐकायचं नाही त्याने साचे पुसावेत किंवा खिडकीत बसावं. थांबण्याच्या वेळेत पुस्तक उघडं असतं, एवढीच रीत. कोण येऊन बसतं ते आपोआप ठरतं.

आणखी एक. दर वेळी खाण्याबद्दलचीच पुस्तकं निवडायचा हट्ट सोडा. ब्रेडच्या दिवशी ब्रेडची गोष्ट हे दोनदा गंमतीचं वाटतं, तिसऱ्यांदा शाळा वाटते.

टिपकागद

मुलं मिश्रणाची वाटी चाटतात. अंड्याशिवायचं असेल तर चालतं ना?

अर्धा_चमचा

नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण मैदासुद्धा कच्चाच असतो. दळताना त्यातले जंतू मरत नाहीत आणि कच्च्या पिठातून ई. कोलायची लागण झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. चाटायची हौस असेल तर वितळलेलं चॉकलेट किंवा आयसिंग वेगळं काढून द्या. पुस्तक हातात घ्यायच्या आधी साबणाने हात धुवायचेच, तो नियम पुस्तकासाठीही बरा आणि पोटासाठीही.

कागदकाम

पुस्तकांची बाजू मांडायला कोणीतरी हवं. स्वयंपाकघरात पुस्तकाला तीन शत्रू आहेत : लोणी, पाणी आणि सांडलेला मैदा.

लोण्याचा डाग पडला तर घासू नका, पसरतो. टिपकागदाने दाबून टिपा, मग डागावर कॉर्नफ्लोअरचा थर देऊन वर टिपकागद आणि जड पुस्तक ठेवून रात्रभर. सकाळी मऊ ब्रशने झाडा. डाग फिका होतो, पूर्ण जातोच असं नाही. चकचकीत पानावर हे सहसा लागत नाही, नुसतं कोरडं पुसलं तरी भागतं.

पान भिजलं तर दर काही पानांमध्ये टिपकागद घाला, तो ओला झाला की बदला, पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात उभं उघडं ठेवा. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात वाळवायला सवड नसेल तर पुस्तक पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने काढून वाळवा. चकचकीत पानं मात्र ओली असतानाच सुटी करावी लागतात, एकदा चिकटून वाळली की उकलत नाहीत.

मैदा लोकांना निरुपद्रवी वाटतो. शिवणीत अडकलेला मैदा हे कसरीचं जेवण. स्टार्च आणि बांधणीचा गोंद हेच तिचं आवडतं खाणं. पुस्तक परत ठेवण्याआधी मधून उघडून उलटं झटका आणि शिवणीतून कोरडा ब्रश फिरवा. याहून सोपं म्हणजे वाचनाची जागा ओट्यापासून चार पावलं लांब ठेवा, जिथून टायमर ऐकू येतो पण पीठ उडत नाही.

जोडाक्षर

कृती हेच वाचनाचं साहित्य आहे याकडे अजून कोणी वळलं नाही! नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी कृतीइतका चांगला मजकूर नाही. वाक्य छोटं, क्रियापद शेवटी, अर्थ लगेच हातात. 'मैदा चाळा.' 'साखर घाला.' 'लोणी फेटा.' दोन शब्दांत वाक्य पूर्ण आणि एकही जोडाक्षर नाही. पुढच्या पायरीला 'अर्धा' (रफार), 'ग्रॅम', 'मिश्रण', 'अंश'. एका ओळीत एकच क्रिया लिहा, अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं, दोन ओळींत मोकळी जागा. मुलाने ओळ वाचायची, मोठ्याने ती करायची. चुकीचं वाचलं तरी लगेच दुरुस्त करू नका, तसं करायचा आव आणा. 'साखर चाळा?' असं म्हणून चाळणी उचलली की मूल स्वतःच पान पुन्हा बघतं.

मराठी मापांचे शब्द मुद्दाम ठेवा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. 'पावणेदोन' म्हणजे दोनला पाव कमी, हे पाठ करून घेण्यापेक्षा दोन वाट्यांतून पाव काढून दाखवलं की चटकन बसतं.

मग त्याचंच पुस्तक करा. एका ए४ कागदाचं आठ पानी पुस्तक असं : कागद लांबीला समांतर मधोमध दुमडा, उघडा. आता रुंदीला समांतर दुमडा, पुन्हा त्याच दिशेने दुमडा, उघडा, आठ चौकोन दिसतील. रुंदीला समांतर एकदाच दुमडून मधल्या लांब घडीवर बंद बाजूकडून कात्री चालवा. उघडून लांबीला समांतर दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, मधली चीर फाकून अधिकचं चिन्ह होतं, पानं एका बाजूला वळवा. मुखपृष्ठ एक, जिन्नस एक, कृतीला पाच पानं, मागे 'काय चुकलं' एक. हे शेवटचं पान सगळ्यात जास्त वाचलं जातं.

जुनी_वही

जोडाक्षर ताईंच्या मुद्द्याला जोडून. बहुतेक घरांत कृतींची एखादी जुनी वही असते आणि तिच्यात 'एक वाटी', 'मंद आच', 'अंदाजाने' असं लिहिलेलं असतं. ती मुलांना वाचायला द्यायची तर आधी मापं उकलावी लागतात.

घरातली तीच जुनी वाटी सापडली तर तराजूवर ठेवून पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटी. १५० मिलिलिटरची निघाली तर मैदा ७५ ते ८० ग्रॅम, साखर १२५, लोणी १४० धरा. वाटी हरवली असेल आणि कृतीत 'कप' असेल तर २४० मिलिलिटरच्या कपात मैदा १२० ते १२५, साखर २००, लोणी २२५. मैद्यात घोळ सगळ्यात जास्त होतो. डब्यात वाटी खुपसून भरली तर तोच कप १५० च्या घरात जातो आणि केक कोरडा होतो. सपाट छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, त्यात बेकिंग पावडर ४ ग्रॅमच्या आसपास. १२० ग्रॅम मैद्याला एक चमचा बेकिंग पावडर पुष्कळ. जुन्या वहीत याच्या दुप्पट दिसली तर लेखनातली चूक समजा. जास्त पावडरचा केक आधी टरारून फुगतो, मग मधे खचतो आणि जिभेला तुरट लागतो.

'मंद आच' १४० ते १५० अंश, 'मध्यम' १७० ते १८०, 'कडक' २०० ते २२० धरून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारखेसह समासात नोंदवा, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही.

साचा बदलला तर क्षेत्रफळ बघा. ८ इंची गोल साच्याची कृती ९ इंचीत करायची तर सगळं १.२७ पट. ८ इंची चौकोनी आणि ९ इंची गोल मात्र जवळजवळ सारखेच.

मूळ वही ओट्यावर आणूच नका. पानांचे फोटो काढा, मुलाला मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायला सांगा. जुनी वळणदार अक्षरं लावताना होणारं वाचन वेगळंच असतं. मूळ शब्द तसेच ठेवा, ग्रॅम कंसात लिहा.

पानकोंबडी

दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं काय करता? त्यांना मांडीवरचं पुस्तक नको असतं आणि ती काय वाचतात ते आपल्याला माहीत नसतं.

शाईची_दौत

त्यांच्यासोबत आपणही तेच पुस्तक वाचायचं, दुसरा मार्ग नाही. या वयाची पुस्तकं साधारण ३५ ते ४५ हजार शब्दांची. मनात मिनिटाला २०० शब्द वाचलेत तरी तीन ते पावणेचार तास. ब्रेडच्या एका दिवसाचं थांबणं तेवढंच आहे. दोघांना एकच प्रत असेल तर दोन खुणा घाला आणि पुढे गेलेल्याने पुढचं सांगायचं नाही. वाचल्यावर 'काय शिकलास?' विचारू नका. 'मला तो मुलगा खोटारडा वाटला' असं काहीतरी स्वतःचं मत टाका, वाद घालायला ते आपोआप येतात.

नवं काय आलंय हे माहीत ठेवायला दोन जागा भरवशाच्या. आयबीबीवाय (IBBY) ही बालसाहित्याची आंतरराष्ट्रीय संस्था (स्थापना १९५३) दर दोन वर्षांनी सन्मानयादी काढते, तिच्यात लेखन, चित्रं आणि अनुवाद असे वेगळे भाग असतात. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारही तिचाच, १९५६ पासून. दुसरी म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय बालग्रंथालयाची 'व्हाइट रेव्हन्स' ही निवडयादी, अनेक भाषांतल्या पुस्तकांची. यादीतलं सगळं घ्यायचं नसतं. वर्षातून एकदा चाळून पाच नावं टिपायची आणि ग्रंथालयात विचारायची.

आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा द्या. मोठे सोडतात, मग मुलांनीच का नाही?

खमीर

मोठ्या मुलांना सावरडोचं खमीर (यीस्टऐवजी वापरायचं, घरी आंबवलेलं पीठ-पाणी) सोपवून बघा, वाचनाला आपोआप वार मिळतो. फ्रीजमधलं खमीर आठवड्यातून एकदा जेवू घालावं लागतं : ५० ग्रॅम जुनं, ५० मैदा, ५० पाणी, बाकी काढून टाकायचं. २५ अंशांना ४ ते ६ तासांत ते शिगेला पोचतं. बरणीला रबर लावून पातळी दाखवायची, दर प्रकरणानंतर बघायचं. आठवडा चुकला तर मरत नाही. वर करडं पाणी साचतं, ते ओतून दोनदा जेवू घातलं की ताळ्यावर येतं. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली तर मात्र सगळं फेका.

आठवड्याच्या मधल्या दिवशी करायचं असेल तर संध्याकाळी मळून वळलेला ब्रेड साच्यात घालून ४ अंशांवर फ्रीजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. रात्री झोपताना प्रकरण, सकाळी ओव्हन.

टिपकागद

सुक्या फळांच्या केकचा उल्लेख राहिला. ८ इंची साच्यात १४० ते १५० अंशांवर अडीच-तीन तास, सगळ्यात लांब बैठक. तो पुढे मुरवतात तेव्हा दर आठवड्याला रमऐवजी संत्र्याचा रस पाजला तर चालेल का? मुलं खाणार आहेत.

अर्धा_चमचा

रस पाजून बाहेर मुरवू नका, बुरशी धरेल. मुरतो तो मद्यामुळे आणि साखरेमुळे. रसाचा करायचा तर फळं रात्रभर रसात भिजवा, केक भाजा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. तीन तासांच्या बैठकीत दीड तास झाल्यावर वरून फॉइलचं सैल झाकण घालायला विसरू नका, नाहीतर वरची फळं जळून कडू होतात. दोन टायमर लावा, एक झाकणाचा, एक सुईचा.

पानकोंबडी

जोडाक्षर ताई, आठ पानी पुस्तक करून बघितलं, चीर पूर्ण कागदभर गेली आणि दोन तुकडे हातात आले. कुठपर्यंत कापायचं?

जोडाक्षर

चूक माझी, लिहायचं राहिलं. कागद रुंदीला समांतर एकदा दुमडलेला असताना बंद बाजूकडून सुरुवात करून पहिल्या आडव्या घडीपर्यंतच कापा. उघडल्यावर चीर मधल्या चार चौकोनांच्या मधोमध दिसेल आणि दोन्ही टोकांचे चौकोन जोडलेले राहतील. मुलाला द्यायच्या आधी जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीने ठिपका काढा. आणि ते दोन तुकडे फेकू नका, प्रत्येकाचं चार पानी होतं. बिस्किटांच्या कृतीला तेवढं पुरतं.